मुख्याध्यापकांना खुलं पत्र: प्रात्यक्षिकाचे 20 गुण खरे करा

राज्यातल्या माध्यमिक शाळांच्या सर्व मुख्याध्यापकांना,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 80 गुण दोन लेखी पेपरांचे आणि 20 प्रात्यक्षिकाचे, हे तुम्हाला सांगायला नको. ते 80 मंडळाच्या हातात आहेत. उरलेले 20 मात्र आपल्याच शाळेत, आपल्याच प्रयोगशाळेत ठरतात. कसे ठरतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. प्रयोगवही पूर्ण आहे का? कव्हर घातलंय का? अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगापुढे सही आहे का? एवढं असलं की 18, आणि मूल हुशार म्हणून ओळखलं जात असलं की 20. वहीतली निरीक्षणं गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीतून उतरवलेली असतात. ताईने ती तिच्या आधीच्या दादाकडून घेतलेली असतात. ओहमच्या नियमाचे आकडे अशा कितीतरी वह्यांमध्ये दशांशचिन्हासकट सारखे सापडतील. जानेवारीत मुलं रात्री जागून जे लिहितात, त्याला आपण प्रयोग म्हणतो.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हे पत्र मी मंत्र्यांना किंवा मंडळाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण मला जे हवंय त्याला शासन निर्णय लागत नाही. वेळापत्रक तुम्ही लावता, प्रयोगशाळेची किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात असते आणि किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर सही तुमची असते. मागणी एकच आहे. मुलांना प्रयोगात जे उत्तर आलं तेच लिहू द्या, पुस्तकाशी जुळो न जुळो. आणि गुण द्यायचे ते त्या उत्तराचा हिशेब मूल कसा देतं, त्याला द्या.

म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

दहावीच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. गुरुत्वत्वरण 9.8 हे मुलांना पाठ असतं. आता खिडकीच्या गजाला एक मीटर दोरा बांधायचा, खाली लिंबाएवढा दगड. थोडासाच बाजूला ओढून सोडायचा, वीस दोलनं मोजायची, घड्याळ मोबाइलचं चालतं. साधारण 40 सेकंद लागतात, म्हणजे एका दोलनाला दोन सेकंद. मग 39.5 ला लांबीने गुणायचं (π च्या वर्गाची चौपट एवढीच भरते) आणि दोलनकालाच्या वर्गाने भागायचं. वर्गात अकरा गट असले तर अकरा उत्तरं येतात, साधारण 9.4 पासून 10.2 पर्यंत. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, 9.8 लिहू का?"

इथे आपण "लिही" म्हटलं की तास संपला. "नाही, तुझं 9.5 आलंय ना, मग 9.5 का आलं ते शोध" म्हटलं की तास सुरू होतो. बऱ्याचदा कारण हाती लागतं. त्या गटाने दोरा गाठीपर्यंत मोजलेला असतो आणि दगडाचा मध्य गाठीच्या तीन सेंटिमीटर खाली असतो. मीटरमागे तीन सेंटिमीटर म्हणजे तीन टक्के, आणि 9.8 मधून तीन टक्के वजा केले की जवळजवळ 9.5. उत्तर का चुकलं ते आकड्यानिशी हातात आल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुसऱ्या एखाद्या गटाने दोलक सोडताक्षणी "एक" म्हटलेलं असतं, "शून्य" म्हणायला हवं होतं. त्यांचं उत्तर दहाच्या वर जातं, आणि शेजारचा गटच ते पकडतो. खर्च म्हणाल तर सुतळीचा.

मोजमापाला उपकरणं लागतात आणि ती आपल्याकडे नाहीत, ही तक्रार मी मानत नाही. एक उत्तम उपकरण घरोघरी दाराबाहेर टांगलेलं आहे. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरांवर 3200. आकडा वेगळा असेल तर तो घ्यायचा. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच पंखा लावायचा आणि दोन लुकलुकींमधलं अंतर मोजायचं. 75 वॅटचा जुना पंखा असेल तर तासाला 240, म्हणजे दर 15 सेकंदांना एक. नवा, 30 वॅटच्या आसपासचा असेल तर 37-38 सेकंद वाट बघावी लागते. 1500 वॅटचा गिझर लावला तर मिनिटाला 80, मोजता मोजता चुकायला होतं. वायरला हात नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, नुसतं बघायचं. विद्युतधारेच्या धड्यातली शक्ती, ऊर्जा आणि युनिट ही तीन नावं मुलं वर्षभर एकमेकांत मिसळत असतात. ती या एका गृहपाठात सुटी होतात. आणि हमखास कुणीतरी विचारतं, "सगळं बंद केलं तरी दिवा मधूनच लुकलुकतो, असं का?" सेट टॉप बॉक्सपर्यंत ते मूल आपोआप पोहोचतं. बिलापर्यंत वडील पोहोचतात. ज्यांच्या घरी स्वतंत्र मीटर नाही त्यांची जोडी मित्राबरोबर लावायची, तेवढी काळजी घ्या.

उष्णतेच्या धड्यात दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता आहे. मुलं व्याख्या घोकतात. स्टीलचा पेला, त्यात साधं पाणी, थोडा थोडा बर्फ टाकत ढवळायचं, तापमापी आत. पेल्याचा बाहेरचा चकचकीतपणा जिथे धुरकटतो त्या क्षणाचं तापमान वाचायचं. झाला दवबिंदू. जुलैत कोकणातल्या शाळेत दोन-चार अंश उतरलं की पेला घामाघूम होतो. मार्चमध्ये विदर्भात तेच पाणी पार गारठेपर्यंत पेला कोरडा राहतो. अकोल्यात कूलर का चालतो आणि रत्नागिरीत तो नुसताच ओल का धरतो, याचं उत्तर त्या पेल्यावर आहे. तापमापी मात्र पाऱ्याची नको, अल्कोहोलची घ्या.

खेड्यातल्या शाळांना तर जीवशास्त्राची प्रयोगशाळा कुंपणाबाहेरच आहे. ऑगस्टमध्ये सोयाबीन, डिसेंबरमध्ये हरभरा. एक रोप मातीसकट अलगद उपटायचं, ओढून नव्हे तर खुरप्याने भोवतीची माती सैल करून, नाहीतर गाठी मातीतच राहतात. बादलीत मुळं धुवायची. बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतात, त्या मोजायच्या, आणि तीन-चार गाठी शिक्षकाने ब्लेडने कापून दाखवायच्या. आतून गुलाबी असेल तर रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र बांधणारे जिवाणू, कामावर आहेत. ती लाली लेगहिमोग्लोबिनची, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातली. आतून पांढरट किंवा हिरवट निघाली तर तिथे नत्र बांधला जात नाही. आता दोन शेतांतली रोपं शेजारी ठेवा, एक भरपूर युरिया पडलेल्या रानातलं, एक न पडलेल्या. युरियाच्या रानात गाठी बहुधा कमी निघतात, कारण आयता नत्र मिळाला की रोप जिवाणूंशी सोयरीक करायला फार उत्सुक नसतं. का कमी, किती कमी, बीजप्रक्रिया केली होती का, हे विचारायला मुलं घरी जातात. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं या विषयावर फळ्याजवळ येऊन बोलतात, कारण इथे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आम्ल की आम्लारी हे रंगाने दाखवणाऱ्या हळदीच्या आणि जास्वंदीच्या दर्शकांवर फार लिहीत नाही, ते सगळेच करतात. फक्त रंग बदलला म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. सोड्याच्या पाण्याने लाल झालेली हळद परत पिवळी व्हायला लिंबाचे किती थेंब लागतात आणि चिंचेच्या कोळाचे किती, ते सुई काढलेल्या सिरिंजने मोजायला लावा. मोजलं की तो प्रयोग होतो.

आता तुमच्या बाजूच्या अडचणी.

वर्गात 65 मुलं आणि 35 मिनिटांची तासिका. खरं आहे. म्हणून आठवड्यातून एकदा विज्ञानाला जोडतासिका द्या. कार्यानुभवाला आणि चित्रकलेला कित्येक शाळांत ती मिळते, विज्ञानालाच का नाही हे मला कधी कळलेलं नाही. सहा-सहा मुलांचे गट, प्रत्येक गटाला झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा: दोरा, मोजपट्टी, भिंग, दोन सेल, वायरी, छोटा बल्ब, सिरिंज, तापमापी. डबे वर्गातच ठेवा. कपाटात गेलेली वस्तू तपासणीलाच बाहेर येते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

कपाटाचा विषय निघाला आहे तर डेडस्टॉक रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीबद्दल, बोललंच पाहिजे. शिक्षक सूक्ष्मदर्शक बाहेर काढत नाहीत याचं खरं कारण आळस नाही. वस्तू रजिस्टरला चढलेली असते, फुटली तर जबाब द्यावा लागतो, प्रसंगी खिशातून भरावं लागतं. मग पंचवीस वर्षांपूर्वीची परीक्षानळी निवृत्तीपर्यंत अखंड राहते आणि त्या नळीत कधीच काही उकळलेलं नसतं. जून महिन्यात शिक्षकांना एवढंच सांगा: वापरताना फुटलेल्या वस्तूचं निर्लेखन मी करीन, म्हणजे ती रजिस्टरातून मी कमी करीन, सही माझी. या एका वाक्याने जेवढे प्रयोग सुरू होतील तेवढे कुठल्याही प्रशिक्षणाने होणार नाहीत. प्रशिक्षणांना माझा विरोध नाही, पण दिवसभर पीपीटीवर कृतियुक्त अध्यापन बघून परत येणं मजेशीर असतं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कडक राहा. आम्ल विरल करायचं ते शिक्षकाने, मुलं येण्याआधी, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. डोळ्यांवर चष्मे. मोकळ्या ज्योतीजवळ स्पिरिट नको. पानातली पिष्टमय पदार्थाची परीक्षा करताना स्पिरिट गरम पाण्यातच तापवायचं, थेट ज्योतीवर नाही. मुलांचं रक्त काढून गट तपासण्याचे जुने उत्साही कार्यक्रम बंदच असलेले बरे. मी वर सांगितलेल्या प्रयोगांत धोका जवळजवळ नाही, म्हणूनच ते निवडले आहेत.

पोर्शन पुरा होईल का? पेंडुलमला दोन तास गेले तर ते कुठून काढायचे? उत्तरं लिहून देण्याच्या तासांतून काढा. दहावीच्या वर्गात फळ्यावरून स्वाध्यायाची उत्तरं उतरवून घेण्यात किती तासिका जातात, ते एकदा कुठल्याही शाळेचं दैनिक टाचण उघडून बघा. प्रयोग केले की टक्केवारी वाढते असा दावा मी करणार नाही. पण "शास्त्रीय कारणे लिहा" हा प्रश्न ज्याने पेल्यावरचं दव पाहिलंय तो आपल्या भाषेत लिहितो, आणि तसं उत्तर तपासताना हात क्षणभर थांबतो.

राहता राहिली परीक्षा. सगळा गुंता तिथे आहे, कारण परीक्षा जशी होईल तसंच शिकवलं जाईल. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, आताच्या नर्मदापुरममध्ये, 1972 साली 16 शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची सरकारी शाळांतली मुलं, बहुतेक खेड्यांतली. तिथे परीक्षेला वही-पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. पुस्तक समोर असताना विचारता येईल असा प्रश्न काढायचा म्हणजे काढणाऱ्याची कसोटी. सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला, पण तोवर तीस वर्षं सरकारी शाळांत तो चालून दाखवला होता. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 पासून हाताने काम करत शिकण्याची जी वाट घातली, तीही श्रीमंत शाळांसाठी नव्हती.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. मंडळाच्या यादीतलाच प्रयोग ठेवा, फक्त दिलेली वस्तू अशी ठेवा की तिचं उत्तर वहीत नसेल. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं आहे ना? वेगवेगळ्या नाभीय अंतरांची सहा भिंगं घ्या, डबीवरची लेबलं काढून टाका, क्रमांक घाला. मूल भिंग घेऊन खिडकीशी जाईल, लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर धरेल, पट्टी लावेल. परीक्षकालाही उत्तर आधी माहीत नसलं तर उत्तमच, दोघं मिळून बघतील. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. विचारा: तुझं 14.5 आलं आणि त्याच भिंगाचं आधीच्या मुलीचं 15.2, असं का झालं असेल? मुलाने "झाड पुरेसं लांब नव्हतं" किंवा "प्रतिमा नक्की कुठे स्पष्ट झाली ते ठरवता आलं नाही" असं सांगितलं तर पूर्ण गुण. "मॅडम, तिचं बरोबर असेल" म्हणाला तर कमी. आणि वहीला गुण द्यायचे असतील तर खाडाखोडीला द्या. स्वच्छ वही संशयास्पद माना.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल एकच वाक्य: थर्माकोलच्या ज्वालामुखीला यंदा सुट्टी द्या.

शेवटी एक ठोस प्रस्ताव, याच डिसेंबरसाठी. 22 डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन, शाळेत फलकलेखन आणि भाषणं होतातच. त्याच सुमाराला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असतं. (शून्य सावलीचे दिवस आपल्या वाट्याला येतात ते मेच्या सुट्टीत किंवा पावसाळ्याच्या ढगांत, म्हणून त्यांची वाट बघू नका.) त्या दिवशी राज्याच्या दक्षिणेकडची एक शाळा आणि उत्तरेकडची एक शाळा, समजा कोल्हापूर आणि नागपूर, यांनी एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली मोजायची आणि फोनवरून आकडे एकमेकांना कळवायचे. नववीतली त्रिकोणमिती वापरून दोन्हीकडचा सूर्याचा कोन काढायचा. दोन कोनांतला फरक साडेचार अंशांच्या आसपास येतो. नकाशावर दोन्ही गावांतून जाणाऱ्या अक्षवृत्तांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर प्रमाणपट्टीने मोजलं तर 500 किलोमीटरच्या जरा आत भरतं. साडेचार अंशांना एवढे, तर 360 ला किती? पृथ्वीचा परीघ. एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं. मुलांचं उत्तर 37 हजारही येईल, 44 हजारही. खरा आकडा 40 हजार किलोमीटर. सावलीतली एका सेंटिमीटरची चूक उत्तर किती हलवते, हे कागदावर करून बघण्यात दहावीचा एक सुंदर तास जाईल.

काही सूचना. काठी ओळंब्याने सरळ उभी करा, जमीन पाणसळने तपासा. काठीच्या टोकाची सावली पुसट असते, ती नेमकी कुठे संपते यावर मुलं भांडतात. टोकाला बारीक छिद्राचा पुठ्ठा लावा म्हणजे सावलीत प्रकाशाचा ठिपका पडेल, त्याचा मध्य मोजा. अशा वेळी काठीची उंची जमिनीपासून छिद्रापर्यंत धरायची. मध्यान्ह बाराला होत नाही. नागपुरात ती साधारण 12:12 ला आणि कोल्हापुरात 12:31 ला होईल, पण हे मुलांना सांगू नका. 11:50 पासून 12:50 पर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करायला लावा, सर्वांत आखूड सावली त्यांनाच सापडू दे. भूगोलाच्या शिक्षकांना बोलवा, स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ त्यांच्याकडे आहे. कोल्हापुरात सावली 84 सेंटिमीटरच्या आसपास आणि नागपुरात 98-99 यायला हवी. हे आकडेही फक्त तुमच्यासाठी, फळ्यावर नकोत. ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोजा, एका दिवसात सावलीत मिलिमीटरचाही फरक पडत नाही. गाव कुठलंही चालेल, फक्त जोडीदार शाळा दक्षिणोत्तर जितकी लांब तितकं चांगलं. सांगलीने धुळ्याला फोन करावा, सावंतवाडीने गोंदियाला. जोडी नोव्हेंबरातच ठरवून ठेवा, सहामाहीच्या निकालाच्या गडबडीत राहून जातं.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका